भाडेकरूची पारख

मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना कायद्याचे मागणे मोजकेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यायची असते.

बाकीची परीक्षा मालक स्वतःच्या अभ्यासक्रमाने घेतो. पगारपत्रके, बँकेचे स्टेटमेंट, कंपनीचे ओळखपत्र असे सारे कागद तो भिंगाखाली धरतो. भाड्याचा काही भाग रोखीत मागताना मात्र त्याचा कागदांवरचा विश्वास अचानक उडतो. पगार भरपूर हवा, पण कंत्राटी नको. धंदेवाईक नको, वकील आणि पोलीस तर मुळीच नकोत, कारण त्यांना कायदा माहीत असतो. उत्पन्न पटले की आडनाव विचारले जाते, त्यापाठोपाठ स्वयंपाकघरात काय शिजते ते. अविवाहितांची चौकशी बहुधा इथवर पोचतच नाही. आईवडील वरचेवर येतात का, हे विचारणारेही आहेत.

एवढी छाननी सहसा ११ महिन्यांच्या करारासाठी असते. तो संपला की भाडे वाढते किंवा दलाल नवा उमेदवार आणतो, आणि दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. दलालाचे उत्पन्न कोणी तपासत नाही.