पूर्वज दत्तक देणे आहेत

माझ्या ताब्यात सध्या अकराशेच्या वर माणसं आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त वारलेली आहेत आणि त्यांचा मला काडीचाही त्रास नाही. लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून ती रुसत नाहीत, फोटो जुना लावला म्हणून फोन करत नाहीत, दिवाळीला आलो तेव्हा चहा गार होता याची आठवण काढत नाहीत. उरलेली हयात आहेत. सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

सुरुवात सरकारी कामातून झाली. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी हवी, पडताळणीला वंशावळ हवी, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर हवी, आणि सासऱ्यांना त्यांच्या आजोबांच्या पलीकडचं एक नाव आठवेना. नवरा म्हणाला, "तू बघ ना जरा." या चार शब्दांनी लग्नापासून बरंच काही माझ्याकडे आलं आहे: विम्याचे हप्ते, गॅसचं बुकिंग, कुलदैवताचा नैवेद्य. त्यात पूर्वजांची भर पडली. पडताळणी झाली, मुलगी इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेली आणि वंशावळ मात्र मांडवावर चढवलेल्या दुधीसारखी शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचली.

आधी ती वहीत होती, मग कार्डशीटवर, मग चार कार्डशीट चिकटवून भिंतीवर. भिंत संपल्यावर भाच्यानं मला विकिट्रीवर नेऊन बसवलं. २००८ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्याची महत्त्वाकांक्षा साधी आहे: साऱ्या जगाचं मिळून एकच झाड. प्रत्येक माणसाचं एक पान आणि प्रत्येक पानाला कुणीतरी सांभाळणारा. पान उघडलंत की तो माणूस तुमच्या पदरी. त्या पानावर कुणी एक अक्षर बदललं तरी तुम्हाला निरोप येतो. सासरच्या बारीकसारीक गोष्टींची बित्तंबातमी ठेवणाऱ्या सुनेला पूर्वी नावं ठेवत. आता तिला मॅनेजर म्हणतात.

माहितीसाठी मी नाशिक गाठलं. घराण्याच्या तीर्थोपाध्यायांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग मूळ आडनाव, आणि फडक्यात गुंडाळलेली वही सोडली. पानं उलटतील तसे शाईचे रंग बदलत होते. कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, सगळं सहीसकट. एका चुलत आजेसासऱ्यांची सही तीन ओळी अडवून बसली होती. वाड्यात त्यांनी तीन खोल्या कशा अडवल्या असतील ते तिथेच कळलं. अशा वह्यांचं मोल सातासमुद्रापार आधीच कळलेलं आहे. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या केव्हाच मायक्रोफिल्मवर उतरवून नेल्या. आमच्या वहीत पुरुष झाडून सगळे सापडले. बायका शोधाव्या लागल्या.

एक माईच घ्या, माझ्या आजेसासूबाई. माहेरी त्यांचं नाव द्वारका. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, लक्ष्मी. घरात सगळ्यांच्या त्या माई. आणि सातबाऱ्यावर 'लक्ष्मीबाई भ्र. गणेश'. माझ्या पाठोपाठ घरच्या उत्साही मंडळींनीही संकेतस्थळावर खाती काढली होती. एका दिरांनी माईंचं पान उघडलं, नणंदेनं लक्ष्मीचं, माईंच्या माहेरच्या कुणा नातवानं द्वारकेचं आणि सातबारा समोर ठेवून आणखी एकानं लक्ष्मीबाईंचं. नवरा चौघींचा एकच. परक्या माणसानं पाहिलं असतं तर आमच्या आजेसासऱ्यांबद्दल त्याचं भलतंच मत झालं असतं. चौघींची एक करायची तर चौघांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, कारण आपली माई अस्सल आणि बाकीच्या तीन तोतया याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

माई एक झाल्या आणि पुढचा पेच उभा राहिला. तिथला नियम असा की माणूस जन्माच्या आडनावानं नोंदवायचा. लग्नानंतरचं आडनाव वेगळ्या रकान्यात. त्यामुळे उभा जन्म आमच्या घरात राबलेल्या माई पानाच्या डोक्यावर माहेरच्या आडनावानं झळकल्या. चुलतसासऱ्यांचा फोन आला.

"सूनबाई, आमच्या आईला माहेरी पाठवलंस म्हणे?"

मी नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "अगं, ती बाळंतपणालासुद्धा गेली नव्हती कधी."

यावर काय बोलणार? माईंच्या पानावर मी तेही लिहून ठेवलं.

पुरुषांची तऱ्हा उलटी. एकेका बाईला चार नावं, तर चार पुरुषांत मिळून दोन. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, मधलं नाव बापाचं लावायचं, म्हणजे विष्णू गणेश, गणेश विष्णू, पुन्हा विष्णू गणेश, अशी आगगाडी सुरू. संगणक भाबडेपणानं विचारतो, हे दोन विष्णू गणेश एकच का? हो म्हटलं की मधला गणेश आपल्याच बापाचा बाप होतो. तसं वागणारे आमच्या घरात बरेच आहेत, पण कागदोपत्री तो मान कुणालाच देता येत नाही.

तारखांचं तर विचारूच नका. संगणकाला दिवस, महिना, साल हवं. आमच्याकडे तिथी पक्की आणि साल बेपत्ता. पणजेसासरे कधी गेले? 'मार्गशीर्ष वद्य अष्टमी,' सगळे एका सुरात. कोणत्या साली? सगळे एका सुरात गप्प. श्राद्धाला तिथी लागते, साल लागत नाही, मग ते ध्यानात कशाला ठेवायचं? जन्मसाल विचारलं तर उत्तरादाखल एखादं संकट येतं. 'प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्यांत होते तेव्हाचा.' 'मानमोडीच्या साथीत याची आई गेली, हा पाळण्यात होता.' 'पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी.' 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत.' 'बहात्तरच्या दुष्काळातला, सुकडीवर वाढलाय.' मी शेवटी एक तक्ता करून कपाटाच्या दाराला लावला: पुण्याचा प्लेग १८९७, मानमोडी १९१८, पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२. हा तक्ता पाहिला तर पाऊसपाणी ठीक असलेल्या वर्षी आमच्या घराण्यात कुणी जन्मलंच नाही.

ज्यांच्या जन्मपत्रिका शाबूत आहेत त्यांचा घोळ वेगळा. न्यू जर्सीच्या पुतण्यानं पत्रिकेतलं 'शके १८४२' वाचलं, त्यातलं शके बिनकामाचं समजून सोडून दिलं आणि आजोबांच्या जन्माच्या रकान्यात १८४२ भरून मोकळा झाला. आजोबांचे चिरंजीव १९४५चे. संकेतस्थळावर अशा विसंगती हुडकणारी यंत्रणा आहे. तिनं कळवलं की मुलगा झाला तेव्हा वडील १०३ वर्षांचे होते, कृपया खात्री करावी. मी शकात ७८ मिळवले, आजोबा २५ वर्षांवर आले आणि यंत्रणा गप्प झाली. पुतण्या मात्र हिरमुसला. त्यानं ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

त्यात आमच्याकडे मामाची मुलगी करायची चाल. दहा पिढ्या मागे गेलं तर माणसाला १,०२४ पूर्वज हवेत, वीस पिढ्या मागे दहा लाखांच्या वर आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटी. एवढी माणसं तेव्हा साऱ्या पृथ्वीवर नव्हती. म्हणजे सगळ्यांच्याच झाडात तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येतात. आमच्याकडे ती जरा लवकर येतात एवढंच. माझ्या थोरल्या नणंदेचे वडिलांकडचे आजोबा तेच तिच्या नवऱ्याचे आईकडचे आजोबा. दिवाणखान्यातल्या त्यांच्या फोटोला ती नात म्हणून हार घालते आणि नातसून म्हणून पदर घेते.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. भडका उडाला तो मुलींवरून. जुन्या वंशावळींत मुलीची नोंद झालीच तर 'कन्या दोन' एवढी. मी त्या कन्यांना नावं दिली, सासर दिलं, पोरंबाळं दिली. लगेच धाकट्या चुलत दिरांचा फोन.

"वहिनी, हे नेमकं कशासाठी चाललंय?"

"काय झालं, भाऊजी?"

"पाचही आत्यांची नावं घातलीत तुम्ही. त्यांचं हक्कसोडपत्र झालंय."

"अहो, मी झाडात घातलीत, सातबाऱ्यावर नाही."

"ते कळतंय हो. पण वकील म्हणाले, नाव कुठेच दिसायला नको."

२००५ साली कायद्यानं मुलींना मुलांइतकाच वाटा दिला तेव्हापासून आमच्याकडे भाऊबीजेची ओवाळणी घसघशीत झाली आणि तिच्या मागोमाग सह्या घ्यायला कागद येऊ लागले. भाऊजींच्या काळजीचं कारण मला मागाहून समजलं. त्यांच्या आजोबांच्या नावावरचा नदीकाठचा एक गट हक्कसोडपत्रात लिहायचा राहून गेला होता. सगळे उतारे बदलले, त्या एका गटावर आजोबा अजून ठाण मांडून आहेत.

भाऊजींचा फोन ठेवते तोच थोरल्या आत्या दारात. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "माझं पान दाखव," म्हणाल्या. दाखवलं. माहेरचं नाव, सासरचं नाव, खाली चार मुलं, दहा नातवंडं. आत्यांनी पडद्याजवळ नाक नेऊन एकेक ओळ वाचली, चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला, परत वाचलं. माझ्याही घशाशी काहीतरी आलं. मग त्या म्हणाल्या, "जन्मसाल काढून टाक."

कधी कधी वाटतं, शास्त्रकारांना माणसं सांभाळण्याचा अनुभव असावा. श्राद्धाला पिंड तिघांचेच: बाप, आजा, पणजा. वसू, रुद्र, आदित्य अशी त्यांची सोय लावली की चौथ्या पिढीपासूनच्या मंडळींनी कर्त्याच्या हाताला चिकटलेल्या भातावर भागवायचं. सातव्याच्या पलीकडे नुसतं पाणी. झेपेल तेवढ्यांचीच पानं वाढायची, बाकीच्यांना नमस्कार! त्या हिशेबात मुली बसल्या नाहीत, हा भाग निराळा. पण कामाचा आवाका कसा ठेवावा हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी मात्र नुसत्या पाण्याच्या धन्यांनाही पान, फोटो आणि पुराव्याचे कागद देत बसले आहे.

म्हणून यंदा पितृपक्षात आवराआवर काढली. विकिट्रीवर त्याची सोय आहे. सांभाळणाऱ्यानं हात काढून घेतला की पान अनाथ होतं आणि मग दुसरा कुणीही ते दत्तक घेऊ शकतो. डलहौसीनं दत्तक नामंजूर करून १८४८ साली सातारा खालसा केला. इथे मंजुरीची भानगड नाही, आणि वारसच उठून बापजाद्यांना दत्तक घेतात. मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात टाकली: 'पूर्वज दत्तक देणे आहेत. स्वभाव शांत. खाण्यापिण्याचा खर्च नाही. आजार संपलेले. गरजूंनी संपर्क साधावा.'

पंचवीसेक जोडलेले हात आले, दहा-बारा अंगठे आले. 'स्तुत्य उपक्रम' असं चुलतसासऱ्यांनी लिहिलं आणि कुणालाच घेतलं नाही. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणाला, "काकू, लढाईत पडलेला एखादा आहे का?" मी म्हटलं, "विहिरीत पडलेला आहे." तो विचार करून सांगणार आहे. धाकट्या नणंदेनं माईंना मागून घेतलं, एका अटीवर: माहेरचं आडनाव डोक्यावरून हलवायचं नाही. स्वतःचं लग्नानंतर बदललेलं नाव तिनं पासपोर्ट काढताना किती कचेऱ्यांत सिद्ध केलं होतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी कारण विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटी भाऊजींचा फोन. आवाजात एकदम पूर्वजांविषयी आदर.

"वहिनी, मीही एक घेईन म्हणतो. आमच्या आजोबांना."

"नदीकाठचे?"

"म्हणजे... हो. त्यांचं पान माझ्याकडे असलेलं बरं."

मी आढेवेढे घेतले नाहीत. आजोबा दिले, आणि त्यांच्या पाचही मुलींची पानं सोबत दिली. म्हटलं, "भाऊजी, सुटे मिळत नाहीत हो, हा अख्खा संच आहे." आता आत्यांच्या पानांवर कुणी काही लिहिलं की निरोप थेट भाऊजींना जातो. थोरल्या आत्यांच्या नातीनं परवाच आजीच्या पानावर नदीकाठच्या शेतात लहानपणी खाल्लेल्या हुरड्याची आठवण लिहिली आहे, गट क्रमांकासकट. ती वकिली शिकते.