टाकीतली रसवंती

आमच्या चौकात समोरासमोर दोन ठिकाणी उसाचा रस मिळतो. एक रसवंतीगृह, दुसरा पेट्रोल पंप. रसवंतीवाला चरकाचे घुंगरू वाजवत विचारतो, "बर्फ घालू का? आलं-लिंबू चालेल?" पंपावरचा पोरगा एवढंच म्हणतो, "झिरो बघा काका." गाडीला रस पचतो का, हे तिथं कुणी विचारत नाही. विचारून करायचं काय? नळीतून येतं ते वीस टक्के इथेनॉलवालंच.

माझी स्कूटर २००७ सालची. २०१८ च्या जैवइंधन धोरणात वीस टक्के इथेनॉलला २०३० पर्यंतची मुदत होती, तोवर ही भंगारात गेली असती. पण सरकारला घाई झाली आणि मुदत पाच वर्षं अलीकडे आली. पूल रखडतात, मेट्रो रखडते. वेळेआधी पुरं झालेलं एकच सरकारी काम मी पाहिलं, आणि ते नेमकं माझ्या टाकीत झालं!

परवा मेकॅनिकनं कार्ब्युरेटर उघडून रबरी नळी माझ्या तळहातावर ठेवली. फुगलेली, मऊ, पाकात मुरल्यासारखी. "हा दोष इथेनॉलचा की वयाचा?" मी विचारलं. "काका, बिल एकच आहे," तो म्हणाला.

ॲव्हरेज पडलं म्हणावं, तर घट किरकोळ आहे असं उत्तर मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलीच आहे. बदल्यात म्हणे पिकअप सुधारतो. या वयात, या गुडघ्यांनिशी, मला पिकअप! बरं, पेट्रोल स्वस्त तरी? तर ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं की इथेनॉल आता पेट्रोलपेक्षा महाग पडतं. म्हणजे गवळ्यानं दुधात पाणी घालायचं, आणि हल्ली पाणीच महाग झालंय म्हणून भाव उतरवायचा नाही.

बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळावं, ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. धोरण ऊस उत्पादकांच्या हिताचं आहे, असं सरकारनं तिथं सांगितलं. ते खोटं नाही. लातूरकडचा माझा मेहुणा ऊसवाला आहे, इथेनॉलमुळं कारखान्याचं बिल वेळेवर येतं म्हणतो. फक्त ७ डिसेंबर २०२३ चं नाव त्याच्यापुढं काढू नये. ऐन गाळपात केंद्राचा हुकूम आला, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका, साखर कमी पडेल. आठवडाभरात थोडी सूट, पुढच्या हंगामाला पुन्हा मोकळं रान. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्यांना तेव्हा कळलं की इथेनॉललाही निवडणुकीचं पंचांग बघावं लागतं. उसावरच भिस्त नको म्हणून २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळही २२ रुपये ५० पैसे किलोनं डिस्टिलरीला मिळाला. रेशनच्या रांगेत स्कूटर उभी करायची तेवढी बाकी आहे.

मिरजेचं नाव मात्र आदरानं घ्यायला हवं. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही आपली दोन गावं होती. त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता वरचाच आराखडा सांगतो की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागं सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. पंपाच्या पावतीमागं मी भागाकार केला. वाजतगाजत गेलेली ती अख्खी गाडी म्हणजे १७५ लिटर इथेनॉल. माझ्या पाच लिटरच्या टाकीत त्यातलं एक लिटर जातं. म्हणजे आमच्या दोन सोसायट्यांच्या स्कूटरींनी एका रविवारी ती गाडी सहज संपवली असती.

मेहुण्याला फोन लावून हा हिशेब ऐकवला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दाजी, टाकी फुल करत जाऊ नका. अर्धीच भरा. आमच्या घरादाराच्या आंघोळी होतील."

मी त्याहून पुढचा विचार केला. स्कूटर ठेवून द्यावी आणि बसनं जावं. तसं मेकॅनिकला सांगितलं, तर तो दचकलाच. "काका, उभी ठेवू नका! इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीत पाणी धरतं. काम असो-नसो, रोज फिरवा."

तेव्हापासून कामाला बसनं जातो आणि संध्याकाळी स्कूटरला फिरायला नेतो. काल चौकाची तिसरी फेरी मारताना रसवंतीवाल्यानं हटकलं, "काका, कुठं निघालात?"

"कुठं नाही," मी म्हणालो, "हिला पाजलेलं जिरवतोय."