दुसरा खंड बाहेर आहे

‘काय, कशी आहेस?’ असं कुणी विचारलं तर मी ‘बरी आहे’ एवढ्यावर भागवते. पण ‘सध्या काय वाचतेस?’ असं विचारणाऱ्याची गाडी हमखास चुकते. लिफ्ट येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून त्या माणसाने विचारलेलं असतं, हे मला कळतं. पण लिफ्ट येते, त्याच्याशिवाय वर जाते, परत खाली येते, तरी मी दुसऱ्या प्रकरणातच असते.

कादंबरी ही एकट्याने कोपऱ्यात बसून, पायावर शाल घेऊन वाचायची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात कोपरे जास्त असावेत. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत एकट्याने कादंबरी वाचणं म्हणजे एकट्याने कांदा चिरणं. चिरणारा एक, डोळे सगळ्यांचेच पाणावतात.

सध्या घरात चालू आहे श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’. 1987 साली आलेली, दोन खंडांची, हजाराच्या वर पानांची, खोतांच्या चार पिढ्यांची. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते. माणूस एका जागी किती वेळ तग धरून उभा राहू शकतो, याचा अंदाज त्यांना बसच्या रांगांवरून आलेला असणार. नाहीतर वाचकाच्या हातात एवढा ऐवज द्यायची छाती कुणाची झाली असती?

आमच्या लायब्ररीची वर्गणी एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, या हिशेबाची. दोन खंड म्हणजे दोन पुस्तकं.

“अहो, पण गोष्ट एकच आहे ना!” मी म्हटलं.

“गोष्ट एक असेल ताई, बारकोड दोन आहेत,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “आणि दुसरा खंड तसाही बाहेर आहे.”

कुणाकडे आहे ते त्या सांगत नाहीत. डॉक्टर आणि वकील गुपितं फोडतील एखाद वेळेस, लायब्ररीवाल्या बाई नाही. दुसरा खंड बाहेर आणि पहिला कपाटात, याचा अर्थ या गावात कुणीतरी माझ्या एक खंड पुढे आहे. भाजी घेताना माझ्या शेजारी वांगी निवडणारी बाई ती असू शकते. पुढच्या दोन पिढ्यांचं काय झालं हे ठाऊक असून ती शांतपणे वांगी निवडते आहे, हा विचारच मला सहन होत नाही.

पुस्तक घरी आलं आणि सासूबाईंनी ते हातात घेऊन आधी वजन पाहिलं, मग वास घेतला. सासूबाई मूळच्या खेडच्या. म्हणजे जगबुडी नदी त्यांच्या माहेरची आणि ही कादंबरी त्याच नदीच्या काठची. पेंडशांनी जे लिहिलंय ते त्या वाचत नाहीत, तपासतात. दुपारी चष्मा लावून बसल्या की मधूनच पुस्तकातून ‘बरोबर’ असा आवाज येतो. जगबुडीला पाणी चढलं की त्या पुस्तक मिटून, खेडच्या बाजारपेठेत पाणी कुठपर्यंत शिरायचं ते हाताने भिंतीवर दाखवतात. माणसं काल्पनिक आहेत हे त्यांना अजिबात मान्य नाही. त्यातले निदान दोघं त्यांच्या आत्याच्या सासरचे आहेत, फक्त पेंडशांनी भिडेखातर नावं बदलली आहेत.

खरी अडचण वेगळीच. त्यांची कादंबरी पूर्वीच वाचून झालेली आहे.

“आई, पुढचं सांगू नका हं.”

“छे गं, मी कशाला सांगू? तुझं तू वाच.” मग जरा वेळाने, शेंगा सोलता सोलता, “फक्त त्या माणसावर फार जीव लावू नकोस.”

कुठल्या माणसावर, हे मात्र विचारायचं नाही, कारण त्या सांगणार नाहीत. परिणामी मी आता चार पिढ्यांतल्या एकाही माणसावर जीव लावू शकत नाही. जरा कुणी बरा वागला की मला धडकी भरते.

भाच्याचं दुःख निराळं. तो कॉलेजला आहे आणि त्याने 2018 साली आलेला ‘तुंबाड’ हा सिनेमा इतक्यांदा पाहिलाय की त्यातला हस्तर नावाचा राक्षस त्याच्या नात्यातला असावा. पुस्तकाचं नाव वाचून तो उडालाच. सिनेमाने या कादंबरीचं नाव तेवढं घेतलंय, गोष्ट वेगळीच आहे, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. पण त्याची आशा सुटत नाही. तो सुट्टीला आला की चाळीसेक पानं वाचतो, आणि रात्री विहीर, तळघर, बंद खोली असलं काही दिसलं की सावरून बसतो. अजून हस्तर आलेला नाही. “दुसऱ्या खंडात असेल,” तो म्हणतो. या निमित्ताने पोरगं मराठीतली मोठी कादंबरी वाचतंय, म्हणून आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलंय.

नवरा वाचत नाही. नवरा जेवतो. जेवताना एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने आई, अशा दोन्हीकडून जे कानावर पडतं त्यावर त्याने पंचवीसेक वर्षांत मराठी कादंबरी पुरी केली आहे. ‘कोसला’ त्याने कांदेनवमीच्या आसपास भज्यांबरोबर संपवली. ‘रथचक्र’ला थोडा वेळ लागला, कारण मध्ये त्याची टूर होती. पण मतं पक्की. परवा त्याच्या ऑफिसातल्या कुणाशी तो फोनवर बोलत होता, “पेंडसे ताकदीचे, वादच नाही, पण जरा पाल्हाळ लावतात.” पाल्हाळ माझा होता. पेंडशांचा भाग तर मी आमटी वाढताना गाळला होता.

लोकलमध्ये तरी निवांत वाचू म्हटलं, तर तिथे घाटकोपरवाली आहे. लेडीज डब्यात ती माझ्या शेजारी बसते. नाव मला माहीत नाही, तिला माझं नाही. सुरुवातीला तिची नजर पुस्तकावर पडायची आणि ती खिडकीबाहेर बघायची. मग खिडकीबाहेर बघणं कमी झालं. आता ती उघड वाचते, आणि माझ्यापेक्षा वेगात. पान संपलं की हलकेच ‘हं’ म्हणते. हा ‘हं’ म्हणजे उलटा पान. मी अजून खालच्या चार ओळींत असते, पण त्या ‘हं’ला असा काही दरारा आहे की मी उलटते. घाटकोपरला गर्दीतून दाराकडे सरकताना ती सांगते, “आता पुढे जाऊ नका हं.” एका सोमवारी तिने पुस्तकातली खूण पाहिली आणि तिचा चेहराच पडला. “शनिवार-रविवारात एवढं? मला टाकून?” माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला कधी एवढं अपराधी वाटू दिलेलं नाही.

तेव्हापासून पुस्तकात तीन खुणा आहेत. वीजबिल माझं, उदबत्तीच्या पुड्याचा तुकडा सासूबाईंचा, आणि लोकलचा जुना पास घाटकोपरवालीचा. घरी मी पुढे असते, डब्यात तिच्यासाठी मागे येते. ज्या माणसाला आम्ही घरी परवाच पोचवलं, तो डब्यात अजून धडधाकट हिंडतोय, आणि घाटकोपरवालीचा त्याच्यावर फार जीव. मी काही सांगत नाही.

शिवाय पुस्तकात एक चौथा माणूस राहतो. आमच्या आधीच्या कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. ‘वा!’ ‘असंच असतं.’ ‘पटत नाही.’ असं नेहमीचं चालू असताना एका पानावर अचानक ‘सुमतीला विचारणे’. बस्स, एवढंच. त्या पानावर एक जमिनीचा वाद आणि एक आजारपण आहे. यातलं काय विचारायचं होतं? आणि सुमती कोण? आईंचं म्हणणं बायको, भाच्याचं म्हणणं वकील. त्यापुढच्या पानांवर पेन्सिल नाही. सुमतीने जे काय सांगितलं त्यावर त्या गृहस्थाला बोलण्यासारखं काही उरलं नसावं.

अशी वाटून वाचायची सवय मला लहानपणापासूनच. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं काकाकडे जमायचो आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं पुस्तक एक, वाचणारे पाच. मारामारी इतकी झाली की थोरल्या भावाने दाढीच्या पात्याने पुस्तकाचे मधोमध दोन भाग केले. मी धाकटी, म्हणून माझ्या वाट्याला कायम उत्तरार्ध. बन्या फेणे सुटला कसा, हे मला आधी कळायचं आणि पकडला कधी गेला, ते दोन दिवसांनी. आजोबांनी शेवटी दाभण घेऊन ते दोन तुकडे शिवले आणि पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवली, पण तोवर माझा स्वभाव घडून गेला होता. अजूनही कुणी संकटात सापडलं की मी फारशी घाबरत नाही. उत्तरार्ध ठीक असणार, असं गृहीत धरते. आईंच्या त्या एका वाक्याने यावरच घाव घातलाय.

गेल्या आठवड्यात लायब्ररीतून फोन आला, दुसरा खंड आलाय. मात्र पहिला परत केल्याशिवाय मिळणार नाही. घरात सभा भरली. आईंचं उदबत्तीचं पाकीट अजून पुष्कळ मागे, कारण त्या दर पूर आला की थांबतात. पास त्याहून मागे, आणि घाटकोपरवालीला तोंड दाखवायची तर माझी हिंमतच नव्हती. खंड तीन दिवस राखून ठेवू, नंतर मागणी आहे, असं बाईंनी बजावलं होतं. भाचा फोनवरून म्हणाला, “थोडक्यात बघून सांग, हस्तर आहे का.” शेवटी नवऱ्यानेच तोडगा काढला: त्याच्या नावावर दुसरं सभासदत्व.

तो स्वतः लायब्ररीत आला, डिपॉझिट भरलं, फॉर्म भरायला घेतला. ‘आवडते लेखक’ या रकान्यापाशी माझा जीव खालीवर झाला. त्याने क्षणभरही विचार न करता ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘श्री. ना. पेंडसे’. मग बाईंकडे दुसरा खंड मागून घेतला, हातावर तोलला आणि म्हणाला, “हा जरा चावून चावून वाचावा लागेल.”