भाषावार हॉकी

मॉन्ट्रियल

काका,

भाषावार प्रांत झाले, मग भाषावार हॉकी का नको, हा तुमचा प्रश्न इथे कुणी हसण्यावारी नेणार नाही. इथल्या कनेडियन्स या आइस हॉकी क्लबचा जन्मच 1909 साली त्यातून झाला. फ्रेंच बोलणारे खेळाडू घेतले की तिकीट काढून फ्रेंच प्रेक्षकही येणार, असा सरळ हिशेब. पैसा घातला तो मात्र ऑन्टारियोतल्या ॲम्ब्रोज ओब्रायन यांनी. अस्मिता एकाची, भांडवल दुसऱ्याचं, हे आपल्याला का नवीन आहे?

आता कॅनडाहून वेगळा फ्रेंच संघ जगापुढे उतरवायचाच, तर माझं म्हणणं असं की निवड बोलीवर करा, जन्मदाखल्यावर नको. क्वेबेक प्रांताची हद्द धरलीत तर क्लोद जिरूसारखा फ्रेंच बोलणारा खेळाडू बाहेर राहतो, कारण तो ऑन्टारियोतल्या हर्स्टचा, आणि त्या गावात तर बहुतेक व्यवहार फ्रेंचमधून चालतो. कनेडियन्सचा सुरुवातीचा हुकमी गडी न्यूझी लालोंद, तोही ऑन्टारियोचाच. बरं, बापजादे तपासायचे म्हटलं तर गोलरक्षक रोबेर्तो लुआंगोचे वडील निघतात इटालियन. देश नसताना संघ कसा, असं कुणी विचारलं तर क्रिकेटमधल्या वेस्ट इंडिजकडे बोट दाखवावं आणि पुढे चालू लागावं.

बर्फावर भाषा हवीच कशाला, असं काकू म्हणतील. हवी. चकती गोलमागच्या कोपऱ्यात गेली की बचावपटू तिच्यामागे धावतो, तेव्हा त्याची पाठ मैदानाकडे असते. अंगावर कोण चालून येतंय, डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे गोलरक्षकालाच ओरडून सांगावं लागतं, तेही क्षणभरात. तिथे दुभाष्या बसवता येत नाही. आणि फ्रेंच गोलरक्षकांचा तर इथे सुकाळच: वेझिना, रुआ, ब्रोदर, शिवाय 1959 साली मुखवटा घालून खेळण्याचा पायंडा पाडणारा प्लांत.

राखीव जागांनी खेळाचा दर्जा घसरतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि थोडा खराही. साठच्या दशकात नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिले दोन फ्रेंच खेळाडू उचलण्याचा हक्क कनेडियन्सना होता. त्यातून नाव घेण्यासारखे मिळाले ते 1969 चे हूल आणि तार्दिफ. पण 1956 ते 1960 कनेडियन्सकडे सलग पाच स्टॅन्ली कप, म्हणजे इथल्या हॉकीची विजेतेपदं, आली, ती ही सवलत सुरू होण्याआधी. फ्रेंच बोलणारे रिशार आणि बेलिव्हो त्या संघात होते, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी बोलणारा डग हार्वीही. म्हणून शिकून फ्रेंच बोलणाऱ्यालाही दार उघडं ठेवावं. व्याकरणाची परीक्षा घेऊ नये. ओरडलेलं कळलं म्हणजे झालं.

मराठी संघाचं म्हणाल तर अडचण बर्फाची नाही. क्रिकेटमध्येच बघा, एका राज्यातून रणजीला मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. 2024 च्या अंतिम सामन्यात मुंबईनं हरवलं तेही विदर्भालाच. तेव्हा निवड समिती खुशाल नेमा, पण तिच्यात तिन्हीकडचे प्रतिनिधी घेऊ नका, नाहीतर चौथा संघ निघेल.

तुमचा पुतण्या