ईशान्येला धूड बसलंय!

काय सांगावं, आमच्या विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी चक्क देव हलवले! पणजोबांनी कोकणातून ट्रंकेत घालून आणलेले टाक, रांगता बाळकृष्ण, शंख, सगळा संसार उचलून स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी. का? तर ईशान्य कोपऱ्यात सबवूफर 'छान बोलतो' म्हणून. आता बोला! याच माणसाने फ्लॅट घेताना ईशान्य कोपऱ्यापायी बिल्डरला सहा महिने रडवलं होतं. आज त्याच कोपऱ्यात काळंकुळकुळीत, बारा इंची तोंडाचं, बावीस किलोचं धूड बसलंय. समोर इवलासा निळा दिवा मिणमिणतोय. नंदादीपच म्हणा ना!

आणि आपण काय केलं? आधी 'शिव शिव' म्हटलं, कानांवर हात ठेवले, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "डबा सील्ड की पोर्टेड?"

हे खूळ नेमकं कधी शिरलं याचा पत्ता लागत नाही. कुणी म्हणतं लॉकडाऊनमध्ये. कुणी म्हणतं घोडबंदर रोडच्या कोंडीने, म्हणजे मल्टिप्लेक्सला पोचेपर्यंत मध्यंतर होतं, त्यापेक्षा थिएटरच घरी आणू. कुणी बिल्डरांना बोल लावतं. टॉवरच्या माहितीपत्रकात जलतरण तलावाच्या शेजारी 'मिनी थिएटर' छापलं की दहाव्या मजल्यावरच्याला वाटणारच, तिकडे कशाला जा, आपल्या घरी का नको? ते काही असो. मुलगा पुण्याला शिकायला गेला की त्याची खोली रिकामी होते, आणि आईचा डोळ्याला लागलेला पदर वाळायच्या आत बाप टेप घेऊन भिंती मोजायला लागतो, हे आपण ठाण्याच्या पाचपाखाडीपासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत सगळीकडे पाहिलंय. डोंबिवली तर २०१७ साली ९०वं साहित्य संमेलन भरवलेलं गाव! तिथे एकेकाळी नव्या घरात पुस्तकांचं कपाट कुठे ठेवायचं यावर घरं पेटायची. आता काय पेटतंय? सबवूफरचा क्रॉसओव्हर!

बरं, वस्तू तरी काय? ५.१ मधला तो पॉइंट वन. पाच स्पीकर गप्पा मारणार, गाणार, रडणार, आणि हे महाराज कोपऱ्यात बसून नुसते हुंकार भरणार. साधारण १२० हर्ट्झच्या खालचं तेवढं यांच्या वाट्याला. माणसाचा कान २० हर्ट्झपर्यंत उतरतो, त्याच्या खाली आवाज ऐकू येत नाही, पोटात जाणवतो. म्हणजे ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी लोक पैसे मोजतायत? मोजतायत! आणि एक मोजून झालं की दुसरा घेतायत. 'एका सबने खोली सारखी भरत नाही हो,' हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. दुसऱ्यांदा नाही हसलो, कारण दुसऱ्यांदा ते आपणच घरात म्हणत होतो.

खरेदीचं पुराण वेगळंच. ऑनलाइन सगळं मिळतं, पण डेमो हवा ना? मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तिथे दुकानदार 'सैराट'चं 'झिंगाट' लावतो. २०१६ पासून या गाण्याने जेवढे वूफर खपवले तेवढे एखाद्या सेल्समनला जन्मात जमणार नाहीत. दुकान मोठं, छत उंच, आवाज गोलमटोल. आपण हुरळतो. तोच डबा दहा बाय बाराच्या खोलीत आल्यावर सांड होणार आहे, हे दुकानदार कशाला सांगेल?

आणि आणायचा कसा? टेम्पोचे पैसे वाचवायला लोकलने! लगेजच्या डब्यात हे खोकं मांडीशी धरून उभे असलेले एक इंजिनीअर आपण डोळ्यांनी पाहिले. शेजारच्या मासळीवाल्या मावशींनी पाटीवरून नजर टाकून विचारलं, "टीव्ही हाय का रं?"

"नाही मावशी, सबवूफर."

"त्याच्यात काय दिसतं?"

"दिसत काही नाही, नुसता आवाज."

"मंग येवढ्याला?"

ठाण्यापर्यंत इंजिनीअरला उत्तर सुचलं नाही. फास्ट लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची; गाडी आत शिरली आणि डबाभर जो घुमारा उठला, त्यावर त्यांनी खोक्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा असा आवाज." मावशी म्हणाल्या, "ह्यो तर फुकाट हाय." खरंच आहे की! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हापासून रुळाकाठच्या घरांना हा बेस रोज फुकट मिळतोय. खिडक्यांची तावदानं, मांडणीवरची ताटं, फडताळातल्या कपबश्या, सगळ्यांचं सराउंड साउंड. आणि आपण रुळापासून लांब, शांत घर मिळावं म्हणून जास्त पैसे मोजले, मग आत तोच आवाज आणायला पुन्हा मोजले.

पण खरी गंमत जागा शोधण्यात. यासाठी एक विधी आहे. जाणकार त्याला 'रांगणं' म्हणतात. सबवूफर उचलून सोफ्यावर, बरोबर आपल्या बसायच्या जागी बसवायचा. बेसचं गाणं लावायचं. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने गुडघ्यांवर येऊन, कान जमिनीलगत ठेवून, भिंतीच्या कडेकडेने खोलीभर रांगायचं. जिथे बेस भरीव आणि स्वच्छ लागेल, ना पोकळ ना घुमणारा, तिथे खडूने फुली. तीच त्याची जागा. कारण डबा आणि कान यांनी जागांची अदलाबदल केली तरी हिशेब तोच राहतो. शास्त्र पक्कं आहे, दृश्य मात्र काय वर्णावं! लेंगा-बनियनमधला बावन्न वर्षांचा बँक मॅनेजर, तोंडात खडू, टीपॉयखालून निम्मा बाहेर. सोफ्यावर धूड मानाने बसलेलं. आणि दारात, कल्याणहून फराळाचे डबे घेऊन आलेल्या सासूबाई. त्यांनी जावयाकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, आणि लेकीला एवढंच विचारलं, "किती दिवस झाले याला?"

फुली पडते कुठे? वास्तुवाला नको म्हणेल तिथे. नाहीतर दाराच्या मागे. नाहीतर थेट बायकोच्या शिवणयंत्राखाली. त्यातून कोपरा म्हणजे मोह. कोपऱ्यात ठेवला की तीन बाजूंच्या भिंती-जमिनीचा आधार मिळून आवाज फुकटात फुगतो. दहा इंचीला बारा इंचीचा माज चढतो. मग एकच सूर घुमत राहतो आणि बाकीचे सूर गायब! बारा फुटी भिंतींमध्ये तो हटवादी सूर ४७ हर्ट्झच्या आसपास बसतो, दहा फुटींमध्ये ५६ च्या. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही भिंती एकाच सुरावर हट्ट धरतात, मग देवच राखो. सिनेमात बॉम्ब फुटो, ट्रक जावो की नायकाचं हृदय धडधडो, ऐकू येणार एकच: ढूंऽऽ.

आणि नियतीचा विनोद बघा. सोफा कुठे असतो? बरेचदा खोलीच्या मध्यावर. आणि तो हटवादी सूर नेमका मध्यावर येऊन मरतो, भिंतीशी मात्र पुरेपूर उसळतो. म्हणजे ज्याने पैसे भरले तो मध्यावर बसून म्हणतो, "बेस कमी वाटतोय, वाढव." भिंतीला टेकून उभी असलेली त्याची बायको म्हणते, "माझे दात वाजतायत." आणि भिंतीपलीकडे पलंगाची उशी त्याच भिंतीला लावून झोपलेला शेजारी काय म्हणतो, ते छापता येत नाही.

मग उपाय सुरू. एका घरात, अहो लसूणही चतुर्थीला न शिवणाऱ्या घरात, अंड्याचे ट्रे आले! कोपऱ्यावरच्या बुर्जीपाववाल्याशी संधान बांधून शंभर ट्रे, चारी भिंतींना. आजी सोवळ्यात, भिंती ओवळ्यात. आणि फायदा? शून्य. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर, अठ्ठावीस फूट! ती अख्ख्या खोलीत मावत नाही, पुठ्ठ्याच्या खळग्यात काय मावणार? खोलीत टाळी वाजवली तर थोडी मऊ लागते इतकंच, तेवढ्यासाठी बाटलात कशाला! त्यापेक्षा आमच्या मजल्यावरच्या काकू शहाण्या. त्यांनी माळ्यावरच्या आईच्या वेळच्या कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. दोरीने बांधल्या, वर जुनी साडी नेसवली. घुमणं थोडंफार आवरलं. पाहुणे मात्र त्या खोलीत आधी हात जोडतात.

आता कायद्याचं म्हणाल तर ठाणेकरांना आवाजाचा कायदा शिकवायला नको. दहीहंडीला स्पीकरच्या भिंती लावणारंही हेच गाव, आणि त्याविरुद्ध हायकोर्टात लढून २०१६ चा निकाल मिळवणारे डॉ. महेश बेडेकरही याच गावचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५, हे इथे शाळकरी पोरही सांगेल. पण सबवाल्यांनी यातही पळवाट शोधली! नियमातलं मोजमाप 'ए' चाळणीचं. माणसाचा कान खालच्या सुरांना जरा बहिरा, म्हणून ही चाळणी खालचे सूर कापून मोजते. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल सूट. म्हणजे शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये ७५ चा ढुमकारा गेला तरी यंत्र दाखवणार ४५. कायदेशीर! एका महाभागाने मोबाइलवरचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'नियमात आहे. सप्रेम नमस्कार.' उत्तरादाखल वरच्यांनी रात्री साडेअकराला खलबत्त्यात वेलची कुटली. तीही नियमातच असणार. नव्या टॉवरांच्या मायवानच्या भिंती म्हणजे वरपासून खालपर्यंत अखंड काँक्रीट, त्यामुळे वेलची सहाव्यावर आणि सुगंध, माफ करा, आवाज दुसऱ्यावर.

उगाच आपल्याच गावाला नावं नको ठेवायला. १९७४ साली हॉलिवूडने 'अर्थक्वेक' काढला तेव्हा थिएटरात असे अजस्र वूफर लावले की लॉस एंजेलिसच्या ग्रॉमन्स चायनीजमध्ये छताचे पोपडे पडतील म्हणून खाली जाळी बांधली होती. दुसरीकडे कुठे शेजारच्या पडद्यावर 'गॉडफादर'चा दुसरा भाग बघणाऱ्यांनाही भूकंप झाला म्हणतात. तिथेही त्रास कुणाला? भिंतीपलीकडच्याला!

सगळ्यांत चविष्ट प्रकरण मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. निवृत्त, कडक, शास्त्रीय संगीताचे भोक्ते, सवाई गंधर्वला पुण्याला जाणारे. रविवारी दुपारी दंडुका घेतल्यासारखी छत्री घेऊन एका सबवाल्याकडे भांडायला गेले. यजमान धूर्त. भांडण ऐकून घेतलं, कोकम सरबत दिलं आणि तानपुरा लावला. फक्त तानपुरा. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला लागतो. टीव्हीच्या चपट्या स्पीकरातून इतकी वर्षं काका त्याची नुसती सावली ऐकत होते. मूळ आज पहिल्यांदा खुर्चीतून वर चढलं. काका बोलेनात. मग यजमानांनी डग्ग्याची घिस्स लावली. काकांनी छत्री खाली ठेवली.

पुढच्या महिन्यात काकांकडे दहा इंची आला. "लहानसाच, शास्त्रीयपुरता," असं त्यांनी लिफ्टमध्ये न विचारता तीनदा सांगितलं. हो हो, शास्त्रीयपुरता! मग परवा रात्री 'जुरासिक पार्क'मधला तो डायनॉसोर कुणाच्या घरात पावलं टाकत होता? आम्ही डोकावलो तर काकांनी धुडावर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलेलं, आणि पाण्यात वर्तुळं उठतायत की नाही ते चष्मा कपाळावर चढवून बघतायत. आम्हाला पाहून म्हणाले, "प्रयोग आहे."

सोसायटीने अखेर सभा घेतली. विषय: 'ढुमढुम'. कमिटीचे सात सदस्य एकमुखाने कडाडले, संस्कृतीचं काय होणार म्हणाले. ठराव झाला, दहानंतर बंद. मग चहा आला, आणि चहाबरोबर सेक्रेटरी हळूच खजिनदारांना विचारताना सापडले, "तुम्ही सबचा फेज शून्यावर ठेवता की एकशे ऐंशीवर?" सातांपैकी पाच सबवाले निघाले! उरलेल्या दोघांनी घरचा पत्ताच कुणाला लागू दिलेला नाही.

आपला? छे, आपण कशाला घेऊ! आपल्याकडे आहे तो मुलाने हट्टाने आणलेला, आणि आपण तो फक्त धूळ पुसायला चालू करतो.

हे लिहीत असताना, रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी, खालच्या मजल्यावरून पुन्हा सुरू झालंय. ढूंऽऽ. एकच सूर, पाच मिनिटांत दोनदा वाढवला. ग्रुपवर 'अहो, वेळ काय, ड्रिलिंग कुणाचं चाललंय??' असं दोन प्रश्नचिन्हं देऊन आताच टाकलं. आणि चपला घालतोय. खालच्यांचा सोफा बरोबर मध्यावर आहे, गेल्या आठवड्यात पाहिलाय मी. दोन फूट मागे घ्यायला हवा, आणि तो एकट्याने सरकत नाही.