बावड्यात राहून रोजगार हमीवर कसं जावं

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे बी.ए. झालंय, पहाटे पोलीस भरतीसाठी पळून झालंय, तालमीच्या कट्ट्यावर दुसरा चहा झालाय आणि घरच्यांनी "मग आज काय?" हे विचारणंही सोडून दिलंय, अशांसाठी. जुन्या जाणत्या बेकारांना यातलं सगळं ठाऊक असतं.

आधी थोडा इतिहास पाठ करा. भरतीच्या पेपरलाही चालतो. ही योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातून आली. त्यांचं विसापूर आपल्या कोल्हापूरपासून लांब नाही, शेजारच्या सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात. पहिला प्रयोग तिथंच झाला, 1965 मध्ये. मग 1972 चा दुष्काळ आला आणि पुढच्या उन्हाळ्यात राज्यात पन्नासेक लाख माणसं सरकारी कामांवर होती. आटपाडीकडून बावड्यात नांदायला आलेली आमच्या भावकीतली एक म्हातारी सांगायची, खडी फोडताना कपरी डोळ्यात उडू नये म्हणून पदर तोंडावर ओढून घ्यायचा आणि मुकादम हजेरीला आला की तेवढ्यापुरता खाली करायचा. "न्हाईतर म्हनायचा, ही कोन बाई? कालची न्हवंच!" दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदराच्या गाठीत पोरासाठी. तिला योजना, धोरण वगैरे शब्द माहीत नव्हते. बांधाला किती पाट्या माती पडली, हे मात्र शेवटपर्यंत तोंडपाठ होतं.

मागेल त्याला काम, असा कायदा राज्याने 1977 मध्ये केला आणि 1979 च्या 26 जानेवारीला तो लागू झाला. देशाला हे शहाणपण 2005 मध्ये सुचलं.

आता कागद. ग्रामपंचायतीत कुटुंबाची नोंद करा, जॉबकार्ड घ्या. मग नमुना 4 भरून काम मागा. इथं नवशिका हमखास फसतो. ग्रामरोजगार सेवक "बघू की, सांगतो तुला" म्हणतो आणि हा खूश होऊन घरी जातो. तसं करू नका. तारखेची पोच हातात पडल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवसांचं घड्याळ त्या पोचेपासून चालतं. तेवढ्यात काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव पट, नंतर निम्मा. पोच नसेल तर तुम्ही काम मागितलंच नव्हतं. काम घरापासून पाच किलोमीटरच्या आत, लांब असेल तर मजुरी दहा टक्के जादा. दर विचाराल तर 2025-26 साठी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये होता. गवंड्याच्या हाताखाली याहून जास्त मिळतात, पण तिथं हमी कुठली? कामावर मोबाइलमध्ये दिवसातून दोनदा फोटो काढतात. पदर खाली ओढायची रीत अजून आहे म्हणायची.

एवढं पाठ झालं की जॉबकार्डासाठी बावड्यातलं ग्रामपंचायत कार्यालय शोधायला निघा.

सापडणार नाही. 1972 मध्ये, तिकडे लोक खडी फोडत असताना, इकडे 15 डिसेंबरला कोल्हापूरची महानगरपालिका झाली, आणि बावडा तिच्या हद्दीत. दारात म्हशी, मागं उसाचा फड, हंगामात राजाराम कारखान्याकडून येणारा मळीचा वास, सगळं असलं तरी कागदावर आपण शहर. केंद्राच्या कायद्यात शहराला रोजगाराची हमी नाही. बहुधा शहरात बेकार नसतात, असा कुणाचा तरी समज असावा. केरळने 2010 मध्ये आणि राजस्थानने 2022 मध्ये शहरांसाठी वेगळी योजना काढून पाहिली. केंद्राने डिसेंबर 2025 मध्ये जुना कायदा मोडून नवा केला, हमीचे शंभराचे सव्वाशे दिवस केले, पण तोही ग्रामीणच. आजूबाजूची गावं हद्दवाढ म्हटलं की गाव बंद का ठेवतात, हे आता ध्यानात येईल. (खरं कारण घरफाळा आहे, पण हेही सांगायला बरं.)

उपाय आहे. पंचगंगेपलीकडे शियेत कुणी मावशी, आत्या आहे का बघा. असेल तर अंथरूण घेऊन जा आणि तिच्या रेशनकार्डावर नाव चढवायचा विषय जेवण झाल्यावर काढा. उपाशीपोटी काढलात तर "आधी तुझ्या आईला इचार" ऐकून परत याल. शिवाय हे उन्हाळ्यातच उरका. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 ला धोका. शियेचा रस्ता पाण्याखाली गेला की हमी त्या काठाला आणि तुम्ही या.

मावशी नसेल तर भरतीसाठी पळत राहा. लागलात तर पहिल्या पगाराची पावती नीट वाचा. व्यवसाय कर, 200 रुपये. हा कर राज्याने 1975 मध्ये बसवला तोच मुळी रोजगार हमीसाठी, पगारदाराकडून घेऊन बांधावरच्या माणसाला द्यायला. म्हणजे बावड्याचा माणूस योजनेत अगदीच नाही असं नाही. फेब्रुवारीत 300 कापतील, तेव्हा हिशेब चुकला म्हणून साहेबाकडे जाऊ नका. वर्षाचे अडीच हजार भरायचे तर एका महिन्यात शंभर जादा द्यावेच लागतात.