मीटरवाले अण्णा

सोसायटीत कुणी बॉनेट उघडलं, की तिसऱ्या मजल्यावर अण्णांना त्याचा वास लागतो. लिफ्टची वाट न बघता खाली येतात. पायात स्लिपर, अंगात बनियन आणि हातात मल्टीमीटर. त्या मीटरला काकूंनी उरलेल्या ब्लाउजपीसची नाडीवाली पिशवी शिवून दिली आहे. लांबून गोमुखीच वाटते. मेकॅनिक पैसे घेतो, अण्णा अख्खी सकाळ घेतात.

माझी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी तेव्हा बॅटऱ्या खात होती. वर्षातली ही दुसरी. बल्ब उडायचे, बॅटरीतलं पाणी आटायचं आणि खंबाटकीला पोचेपर्यंत गाडीत कुजक्या अंड्यांचा वास सुटायचा. मी बरेच दिवस मुलाच्या डब्यावर संशय घेतला होता.

अण्णांनी आधी हुंगलं. "उकळतेय. आणि तू बॅटऱ्या बदलतोयस. ताप आला की गादी बदलतोस का रे?"

गाडी बंद असताना मीटरने १२.६ दाखवले. चालू करून जरा रेस दिली, तर थेट १६! अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू नातवाचा निकाल लागलाय. चौदा-सव्वाचौदा आले असते तर बिचारे तसेच वर गेले असते.

"मेकॅनिक म्हणतो, रेग्युलेटर गेला."

"त्यालाच विचारू की." एक पिन रेग्युलेटरच्या डब्याला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. तिथे जवळजवळ शून्य हवं. आले १.८.

"सोळातून वजा कर."

"चौदा पॉइंट दोन."

"बघ! त्याला चौदाच दिसतायत. पंगतीत चष्मा विसरलेला वाढपी आहे तो. पान रिकामं समजून जिलब्या वाढत सुटलाय, आणि इकडे बॅटरीच्या पोटाला तड लागलीय."

गेल्या दिवाळीत गाडी रंगवली होती. रंगाऱ्याने डबा काढला आणि नव्या रंगावरच परत आवळला. लोखंडाला लोखंड भिडायचं, तिथे मध्ये रंगाचा थर.

"अर्थच लागत नाहीये," अण्णा म्हणाले. ही कोटी ते वर्षानुवर्षं करत आलेत आणि समोरचा हसेपर्यंत पुढचं काम करत नाहीत. मी हसलो.

मग पॉलिश पेपरने त्यांनी माझा नवाकोरा रंग रुपयाएवढा खरवडला. (प्रत्येक खर्रर्रला माझ्या काळजाचाही थर निघत होता.) स्क्रू आवळले. गाडी चालू केली. १४.२.

अण्णांनी पुन्हा रेस द्यायला लावली. १४.२. हेडलाइट लावून बघितले, विझवून बघितले. काटा असता तर निदान थरथरला तरी असता. हे आकडे मेले ढिम्म. सगळं मिळून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी वायर हळूहळू गुंडाळली, मीटर पिशवीत घातला, नाडी ओढली आणि जिन्यापाशी जाऊन वळले.

"वायपर कसे चालतात रे?"

"जरा हळूच चालतात," मी खोटं बोललो.

नाडी सुटली.